वाचकांचे प्रश्न : सेव्ह केलं, पण बदल दिसेना

प्रश्न : स्प्रिंग बूटचं (जावा अ‍ॅप बनवायची चौकट) काम इंटेलिजे या कोड एडिटरमध्ये करतो. एक ओळ बदलली तरी अ‍ॅप बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, आणि त्यात दर वेळी ४० सेकंद जातात. पॉम फाइलमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररींची यादी) डेवटूल्स, म्हणजे बदल झाला की अ‍ॅप आपोआप रीस्टार्ट करणारं स्प्रिंगचं साधन, घातलं, पण सेव्ह केल्यावर काहीच घडत नाही. काय राहिलं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा कंपाइल करणं राहिलं. डेवटूल्स तुमच्या जावा फाइलकडे बघतच नाही. ते बघतं क्लासपाथवरच्या, म्हणजे अ‍ॅप जिथून कोड उचलतं तिथल्या, कंपाइल झालेल्या क्लास फाइलकडे. एक्लिप्स हा दुसरा एडिटर सेव्ह करताक्षणी कंपाइल करतं, इंटेलिजे आपणहून करत नाही. खात्री करून घ्या: टार्गेट फोल्डरमधल्या क्लासेसमध्ये जा आणि तुम्ही बदललेल्या क्लासवरची वेळ बघा. ती सेव्ह करण्याआधीची असेल, तर डेवटूल्सला बदल कळणार तरी कसा?

सर्वांत साधा उपाय म्हणजे बदल पूर्ण झाला की कंट्रोल आणि एफ९ दाबून प्रोजेक्ट बिल्ड करणं. हे आपोआप व्हावं असं वाटत असेल तर दोन खुणा कराव्या लागतात. पहिली सेटिंग्जमध्ये कंपाइलरखाली, ‘बिल्ड प्रोजेक्ट ऑटोमॅटिकली’. दुसरी अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये, अ‍ॅप चालू असतानाही ऑटो-मेकला (आपोआप कंपाइल करण्याला) परवानगी देणारी. बरेच जण पहिली करतात आणि दुसरी विसरतात. तरीही आमचा सल्ला कंट्रोल-एफ९चाच. इंटेलिजे फाइल आपोआप सेव्ह करतं, त्यामुळे अर्धवट बदलावरसुद्धा अ‍ॅप रीस्टार्ट होत राहतं आणि कन्सोल वाचणं अशक्य होतं. टर्मिनलमधून काम करणाऱ्यांनी एका खिडकीत अ‍ॅप चालवावं आणि दुसरीत मेव्हन या बिल्ड साधनाचं कंपाइल द्यावं. ग्रेडल हे बिल्ड साधन वापरत असाल तर क्लासेस टास्क ‘कंटिन्युअस’ पर्यायासह चालू ठेवा.

क्लासची वेळ बदलली, तरी रीस्टार्ट नाही? मग कन्सोलमधलं थ्रेडचं नाव बघा. तिथे ‘रीस्टार्टेडमेन’ दिसायला हवं. नुसतं ‘मेन’ दिसत असेल, तर डेवटूल्स जागंच झालेलं नाही. पॅक केलेली जार (सगळे क्लास एकत्र बांधलेली फाइल) ‘जावा -जार’ने चालवली की ते प्रॉडक्शन समजून स्वतःला बंद ठेवतं. डॉकरमध्ये अ‍ॅप चालवणारे इथेच अडकतात.

४० सेकंद किती कमी होतील? डेवटूल्स दोन क्लासलोडर (क्लास मेमरीत चढवणारे भाग) वापरतं. बाहेरच्या जार बेस लोडरमध्ये एकदाच चढतात आणि तिथेच राहतात, तुमचे क्लास दुसऱ्या लोडरमध्ये असतात. रीस्टार्टच्या वेळी फक्त तो दुसरा टाकून नवा केला जातो. जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं यंत्र) तीच राहते, म्हणून वेळ वाचतो. मात्र सगळे बीन (स्प्रिंग बनवून सांभाळतं ते ऑब्जेक्ट) पुन्हा बनतात, त्यामुळे बीन सुरू होतानाच डेटाबेस मायग्रेशन किंवा मोठा कॅश भरत असाल, तर तो वेळ जाणारच.

मोठ्या प्रोजेक्टमध्ये आणखी एक गोष्ट बिघडते. डेवटूल्स दर १ सेकंदाने फाइली तपासतं आणि ४०० मिलिसेकंद शांतता मिळाली की रीस्टार्ट करतं. कंपाइल त्याहून रेंगाळलं, तर अर्धे क्लास नवे आणि अर्धे जुने अशा अवस्थेत अ‍ॅप उठतं आणि भलत्याच चुका दाखवतं. पोल इंटरव्हल (दोन तपासण्यांमधलं अंतर) २ सेकंद आणि क्वाएट पीरियड (शांततेचा वेळ) १ सेकंद करा. पहिला आकडा नेहमी दुसऱ्यापेक्षा मोठा हवा.

प्रश्न : डेवटूल्स घातल्यापासून ‘ग्राहक हा क्लास ग्राहक या क्लासमध्ये कास्ट करता येत नाही’ अशी चूक येते. नाव तर एकच आहे! रेडिस या मेमरीतल्या डेटा साठ्यात ऑब्जेक्ट ठेवतो.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाव एक, पण लोडर दोन, आणि जेव्हीएमच्या दृष्टीने ते दोन वेगळे क्लास. एरर मेसेज शेवटपर्यंत वाचा: एकापुढे ‘अ‍ॅप’ (म्हणजे बेस लोडर) आणि दुसऱ्यापुढे ‘रीस्टार्टक्लासलोडर’ लिहिलेलं असतं. रेडिसमधून परत वाचताना जेडीके सिरियलायझरने (साठवलेल्या बाइट्समधून ऑब्जेक्ट बनवणारा भाग) बेस लोडरमधला ग्राहक बनवला आणि तुमचा कोड दुसऱ्या लोडरमधला मागतोय. रेडिस टेम्प्लेटला सिरियलायझर देताना त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तुमच्याच क्लासचा क्लासलोडर द्या, अडचण सुटते. डेवटूल्स काढून टाकायची गरज नाही.

हीच चूक रेडिसशिवाय येत असेल, तर तुमचंच एखादं मॉड्यूल जार होऊन क्लासपाथवर आलेलं असतं. मेटा-इन्फ फोल्डरात स्प्रिंग-डेवटूल्स नावाची प्रॉपर्टीज फाइल करून ‘रीस्टार्ट डॉट इन्क्लूड’ने त्या जारचा पॅटर्न द्या.

प्रश्न : रीस्टार्टच नको असेल तर?
— एक वाचक, पुणे

उत्तर : डीबग मोडमध्ये चालवा, म्हणजे बदललेला क्लास चालू अ‍ॅपमध्येच बसवता येतो, पण डेवटूल्सचा रीस्टार्ट बंद ठेवून, नाहीतर दोन्ही एकाच क्लासमागे लागतात. साधी जेव्हीएम चालू असताना फक्त मेथडच्या आतला मजकूर बदलू देते. नवं फील्ड, नवी मेथड किंवा बदललेले पॅरामीटर ती नाकारते. ते हवं असेल, तर जेटब्रेन्स रनटाइम (जेटब्रेन्स कंपनीची जेव्हीएम) १७ किंवा २१ घ्या आणि ‘अलाउ एन्हान्स्ड क्लास रीडेफिनिशन’ हा जेव्हीएम सुरू करताना द्यायचा -एक्सएक्स पर्याय चालू करा. सुपरक्लास बदलणं मात्र तिथेही चालत नाही. शिवाय नवं फील्ड क्लासमध्ये आलं, तरी आधीच बनलेल्या बीनमध्ये त्याची ऑटोवायरिंग (स्प्रिंगने त्यात ऑब्जेक्ट भरणं) झालेली नसते आणि ते नल राहतं. स्प्रिंगला हे कळवायचं काम हॉटस्वॅप एजंट करतो, तो सोबत जोडा.