आधी काच बघ, मग बल्ब

जुनी गाडी घेतलीस आणि रात्री चोर्ला घाटात रस्ताच दिसत नाही म्हणतोस. बल्ब घ्यायला लगेच धावू नकोस. आधी हेडलाइटची काच बघ. बहुतेक गाड्यांत प्लास्टिकची असते ती, उन्हाने पिवळी पडते. पॉलिश करून घेतलीस तर त्याच बल्बात फरक कळेल. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अर्थिंगचा, म्हणजे दिव्याची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा स्क्रूही गंजतो, तो सोडवून घासून घे. बल्बाला पूर्ण १२ व्होल्ट पोचलेच नाहीत तर महागडा बल्बही मिणमिणणार.

तुझ्या गाडीत एच-४, म्हणजे लांबचा आणि जवळचा (डिपरचा) असे दोन्ही झोत देणारा एकच बल्ब असेल, तर ६०/५५ वॅटचाच चांगल्या कंपनीचा हॅलोजन घे, आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदल. १००/९० वॅटच्या मोहात पडू नकोस. माझ्या पहिल्या गाडीचा होल्डर त्याने वितळला होता, जळका वास केबिनपर्यंत आला. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नकोस. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये, म्हणजे बल्बामागच्या चकचकीत वाटीत, एलईडी बसवू नकोस, हे मी कळकळीने सांगतो. प्रकाश विखुरतो आणि समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याचे डोळे दिपतात. आपले रस्ते अरुंद, कडेने माणसं चालत असतात. शिवाय निळसर प्रकाश डोळ्यांना जास्त खुपतो, पिवळसर बरा.

जुने बल्ब काढण्यापूर्वी गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी कर, डिपर लावून भिंतीवरच्या प्रकाशाची वरची कड खडूने आखून ठेव. नवे बल्ब लावल्यावर गाडी त्याच जागी ठेवून प्रकाशाची कड त्या रेघेशी जुळव.