साइडकारवाल्या बुलेटला कारचा टायर?

प्रश्न: माझ्या बुलेटला साइडकार आहे, मागचा टायर मधोमध पार गुळगुळीत झालाय आणि कडा अजून नव्याकोऱ्या. कारचा टायर टाकू का?

उत्तर: टाका, पण रिम बदलूनच. साइडकार जोडली की गाडी वळणावर झुकत नाही, म्हणून गोल टायरचा मधला पट्टाच घासत राहतो, कारचा सपाट टायर पूर्ण टेकतो आणि जास्त टिकतो. पण बाइकच्या रिमवर तो चढवू नका हो, टायरचा काठ रिममध्ये नीट बसत नाही, चालत्या गाडीत सुटला तर जिवावर बेतेल. कारच्या घडणीची १५ इंची रिम आणि १३५/८० (रुंदी १३५ मिमी, उंची रुंदीच्या ८० टक्के) सारखा अरुंद टायर बघा, चाक लहान झाल्यामुळे चढावर गाडी चांगली ओढते पण हायवेला इंजिन जास्त फिरतं. चेन आणि टायरमध्ये बोट सहज जायला हवं, चाक हाताने फिरवून बघाच. साइडकार काढून चालवणार असाल तर मात्र हा टायर अजिबात नको.