उकिरड्यातली अळी हुमणी आहे का? औषध ओतण्याआधी हे पाहा

प्रश्न (हवेली तालुक्यातील शेतकरी): मार्केट यार्डातला टाकाऊ भाजीपाला शेणाबरोबर उकिरड्यात टाकतो. त्यात करड्या अळ्या वळवळताना दिसतात. पिकाची मुळे खाणारी हुमणी उसात जाईल या भीतीने कीटकनाशक ओतू का? कोंबड्या मात्र या अळ्यांवर तुटून पडतात.

उत्तर: कृपया ओतू नका. आधी चार-पाच अळ्या हातावर घ्या. हुमणी पांढरी, मुडपून पडलेली, तपकिरी डोक्याची असते आणि तिला पायांच्या तीन जोड्या असतात. ती सापडली तर वेचून मारा. अळी चपटी, बिनपायांची, राठ कातडीची असेल आणि वाढता वाढता काळपट होत असेल, तर ती ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची. ही कुजलेले खाते, उसाच्या जिवंत मुळांना तोंड लावत नाही. माशी गांधीलमाशीसारखी दिसते, पण डंख मारत नाही आणि घरमाशीसारखी ताटावर घोंगावत नाही.

एक मादी साधारण 500 अंडी कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत घालते. म्हणून कोंबड्यांसाठी या अळ्या मुद्दाम वाढवायच्या असतील, तर सावलीत कचऱ्याचा क्रेट ठेवून कचऱ्याच्या वर नालीदार पुठ्ठ्याचे तुकडे बांधा. साधारण चार दिवसांत अंडी फुटतात आणि उबदार हवेत अळी दोन-तीन आठवडे खात राहते. थर चार-पाच बोटांचाच द्या. आधीचे संपल्यावरच पुढचे. बहुतेकांचे इथेच बिघडते. जास्त माल पडला की तो आंबतो, वास सुटतो, अळ्या बाहेर पळतात. पाणी सुटले तर गव्हाचा कोंडा मिसळा. मुंग्या चढू नयेत म्हणून क्रेटच्या मांडणीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवा. डिसेंबर-जानेवारीतल्या आपल्याकडच्या थंडीत अळ्या मंदावतात, तेव्हा रात्री गोणपाट टाका, खाणे कमी करा.

उसाचे पाचट यात घालू नका. ते अळीला पचत नाही, त्याचे आच्छादनच करावे. नुकतीच फवारलेली पानेही नकोत, त्याने अळ्या मरतात. अळ्यांनी खाऊन उरलेला भुगा ताजा असताना रोपांना घालू नका. काही आठवडे मुरू द्या किंवा गांडूळखताच्या वाफ्यात टाका.

कोंबड्यांबद्दल: वाळवलेल्या अळीत सुमारे 40 टक्के प्रथिने असतात, पण चरबीही बरीच असते. म्हणून नेहमीचे खाद्य बंद न करता थोड्या प्रमाणातच द्या. अळ्या उकळत्या पाण्यातून काढून वाळवल्या की टिकतात. अळ्या कोंबड्यांना द्यायच्या असतील तर अळ्यांना मटण-चिकनचे खरकटे किंवा मेलेली कोंबडी अजिबात खायला घालू नका, रोगाचा धोका असतो.