मुख्याध्यापकांनी शिक्षक मतदारसंघ लढवावा की जिल्हा परिषद?

अमळनेर तालुक्यातील आपल्या शाळेचे मुख्याध्यापक वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त होताच राजकारणात उतरू इच्छितात. त्यांनी विधान परिषदेचा शिक्षक मतदारसंघ लढवावा की जिल्हा परिषदेचा गट, असा आपला प्रश्न आहे. काही मुख्याध्यापकांच्या प्रचारात मी फिरलो आहे. माझे मत स्पष्टपणे गटाच्या बाजूने आहे.

शिक्षक मतदारसंघ घरचा वाटतो, पण तसा तो नाही. नाशिक विभागाच्या या मतदारसंघात खान्देशाच्या तीन जिल्ह्यांबरोबर नाशिक आणि अहिल्यानगरही (पूर्वीचे नगर) येतात, आणि मतदारांचे पारडे त्याच बाजूला जड असते. मागची निवडणूक 2024 मध्ये झाली. सदस्याची मुदत सहा वर्षांची असल्याने पुढची 2030 मध्ये येईल. मतदार यादी दर वेळी नव्याने तयार होते आणि नमुना 19 च्या अर्जासोबत संस्थाप्रमुखाचे, म्हणजे शाळेत मुख्याध्यापकाचे, सेवा प्रमाणपत्र लागते, म्हणजे आज सरांच्या हाती असलेली सहीची ताकद तेव्हा दुसऱ्याच्या हाती असेल. शिवाय मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरील शाळेत शिकवले असेल तरच मतदार होता येते. उमेदवार मात्र शिक्षकच असावा अशी अट नाही, त्यामुळे संस्थाचालक येथे बिनदिक्कत उतरतात आणि त्यांच्याच शाळांत नोकरी करणाऱ्यांकडे मते मागतात.

मतदान पसंतीक्रमाचे असते. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केच पेनने 1 हा आकडा लिहावा लागतो. बरोबरची खूण केली की मत बाद, आणि अशी चूक शिक्षकांकडूनही होते. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते कोणालाच पहिल्या फेरीत मिळाली नाहीत, तर पुढील पसंत्या मोजतात. म्हणून दुसऱ्याच्या कट्टर समर्थकाच्या दारातही ‘दुसरी पसंती तरी आम्हाला द्या’ म्हणत उभे राहावे लागते. आयुष्यभर आदेशपुस्तिकेवर सह्या घेतलेल्या माणसाला हे फार जड जाते.

गटात सरांची खरी पुंजी आहे. पटसंख्या टिकवण्यासाठी मे-जूनच्या उन्हात वस्त्यावस्त्यांवर फिरलेल्या मुख्याध्यापकाला प्रचार वेगळा शिकवावा लागत नाही, आणि जुने विद्यार्थी आज त्याच गावांत मतदार आहेत. अर्थात, शाळा सोडल्याचा दाखला अडवलेला एखादा पालक वीस वर्षांनीही पारावर तो किस्सा रंगवून सांगतो, हेही लक्षात ठेवावे.

अमळनेरात अशा वेळी साने गुरुजींचे नाव हटकून निघते. ते प्रताप हायस्कूलमधील नोकरी सोडून 1930 च्या सत्याग्रहात गेले होते, निवृत्त होऊन निवडणुकीत नव्हे; तेव्हा हे उदाहरण येथे लागू पडत नाही.

गटाचे आरक्षण सोडतीने ठरते आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. त्यामुळे सोडत निघेपर्यंत सरांनी उमेदवारी जाहीर करू नये. तोवर गटातील गावे फिरून घ्यावीत, आणि सुरुवात दाखल्यावरून दुखावलेल्या घरांपासून करावी.