मुलाचं घर पाण्यात गेलं, म्हणून म्हातारपणाची ठेव मोडायची का?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर) : मी खासगी शाळेतून निवृत्त झालो, पेन्शन नाममात्र. मुलगा, सून आणि तिथेच जन्मलेली पाच वर्षांची नात फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहतात. हरिकेनमध्ये घरात कमरेएवढं पाणी शिरलं. विमा कंपनीने हात वर केले. मुलगा एच-वन-बीवर, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असल्याने सरकारी मदत मिळणार नाही, असं त्याला मित्रांनी सांगितलं. दीड वर्षापूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेले १५ लाख मोडून पाठवू का? एफडीत वेगळे ६ लाख आहेत.

उत्तर : सर, १५ लाखांना हात लावू नका. त्या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, ते पूर्णच बंद करावं लागतं. दोन वर्षं झाली नसल्याने दीड टक्का, म्हणजे २२,५०० रुपये कापले जातील आणि दर तिमाहीचे ३०,७५० रुपये बंद होतील. शिवाय एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर परदेशी पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक पाठवतानाच वसूल करते तो आगाऊ कर, लागतो. तुमच्या बाबतीत तो जवळजवळ एक लाख होईल. रिटर्न भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं, पण तोवर पैसा अडकलेला.

मदतीचा खरा रस्ता नातीच्या नावाने आहे. एच-वन-बीवरच्या माणसाला फेमा, म्हणजे तिथली केंद्रीय आपत्ती यंत्रणा, रोख मदत देत नाही, हे खरं. पण घरातलं मूल अमेरिकन नागरिक असेल आणि त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक असेल, तर आईवडील त्याच्या वतीने अर्ज करू शकतात. ही मदत परत करायची नसते. त्यांचा जिल्हा, म्हणजे काउंटी, आपत्तीग्रस्तांच्या यादीत आहे का ते १-८००-६२१-३३६२ वर विचारायला सांगा. अर्जाची मुदत साधारण ६० दिवसांची असते, त्यामुळे आजच.

अर्जासोबत विमा कंपनीचं नकाराचं पत्र जोडायचं. पहिल्या अर्जाला नकार आला तरी खचू नका. बरेचदा एखादा कागद कमी असतो आणि अपिलालाही ६० दिवस मिळतात. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलावाचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा पंचनाम्याचं महत्त्व आपण नागपूरकरांनी पाहिलंच आहे. तिथेही तेच. ओल्या भिंती उखडण्याआधी पाण्याची रेघ जिथवर चढली तिथे मोजपट्टी धरून फोटो काढा. फ्रिज, गाद्या फेकण्याआधी त्यांचेही काढा.

विम्याचं दार पूर्ण बंद नाही. तिथल्या साध्या घरविम्यात पूर येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. पण वाऱ्याने छप्पर उडून वरून पाऊस आत आला असेल, तर ते नुकसान सहसा त्याच विम्यात बसतं. त्याचा दावा वेगळा मांडायला लावा. वादळाचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा हिस्सा, मोठं असतं, म्हणून आकडा आधी बघा.

तरीही बाप म्हणून हात रिकामा ठेवावासा वाटणार नाही, हे मला कळतं. एफडीतून अडीच लाख पाठवा. भाड्याच्या घराचं डिपॉझिट आणि रोजची निकड त्यात बरीचशी भागेल. नातेवाइकाला दिलेल्या भेटीवर इथे कर नाही. मात्र दुरुस्तीच्या कंत्राटदाराला त्यातून सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत, एवढं मुलाला बजावून सांगा. वादळानंतर असे लोक दारोदार फिरतात.

उरलेले साडेतीन लाख तुमच्या आणि वहिनींच्या दवाखान्यासाठी तसेच राहू द्या. फेमाचं पत्र आलं की, होकार असो वा नकार, त्यातलं कारण मला कळवा. पुढची रक्कम पाठवायची का, ते त्यावरून ठरवू.