‘अमर्यादित’ इंटरनेट आणि कापलेला पगार

प्रश्न : देवगड तालुक्यातील घरातून मी पुण्याच्या एका कंपनीचे काम करतो. ‘अमर्यादित’ अशी जाहिरात केलेल्या ब्रॉडबँडचा वेग महिना अर्धा सरताच कोसळतो, बैठका तुटतात. त्यापायी कंपनीने दोन दिवसांचा पगार कापला. तो इंटरनेट कंपनीकडून वसूल करता येईल का?

उत्तर : डेटावर मर्यादा घालणे मुळात बेकायदेशीर नाही. ती ग्राहकापासून दडवणे नियमबाह्य आहे आणि आपली तक्रार याच मुद्द्यावर उभी राहू शकते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार, किती डेटापर्यंत कोणता वेग मिळेल आणि पुढे तो किती राहील हे कंपनीने जाहिरातीतच सांगायला हवे, तसेच मर्यादेचा ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाल्यावर ग्राहकाला कळवायला हवे. असे संदेश आपल्याला आले होते का, हे आधी तपासावे. आले असतील तर आपली बाजू बरीच लंगडी पडते.

पगाराबाबत मात्र फार आशा धरू नये. करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळत नाही, आणि आपण घरून नोकरी करता हे जोडणी घेताना कंपनीला ठाऊक होते असे दाखवता आले नाही, तर ही मागणी टिकणे अवघड आहे. भरलेल्या शुल्काचा परतावा, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च या मागण्या अधिक भक्कम आहेत.

केबलवाल्याला तोंडी सांगून भागत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी निकाली काढत नाही. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच : दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी आपल्या राहत्या जिल्ह्यातच, म्हणजे सिंधुदुर्गात, दाद मागता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

सोबत जाहिरातीची प्रत, बिले आणि मर्यादा संपण्याआधीच्या व नंतरच्या वेगाच्या तारखेसह नोंदी जोडाव्यात. पावसात केबल तुटून सेवा बंद पडलेले दिवस त्यात मिसळू नयेत. तो वेगळा दोष आहे आणि कंपनीचा वकील नेमके त्याच गोंधळावर बोट ठेवेल.