ब्रेक सकाळी लागतो, उतारावर लागत नाही

प्रश्न : देवगडजवळ डोंगरउतारावर आमची कलमबाग आहे. आंब्याचे क्रेट खालच्या रस्त्यापर्यंत आणण्यासाठी चार वर्षांपूर्वी एक वापरलेली एटीव्ही (ओबडधोबड वाटेवर चालणारी, रुंद टायरची लहान चारचाकी) घेतली आणि तिला लहान ट्रॉली जोडली. गेल्या हंगामात भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना शेवटच्या वळणावर ब्रेकचा लिव्हर थेट मुठीला टेकला. गाडी बांधाला लागून थांबली म्हणून निभावले. अर्ध्या तासाने पाहिले, तर ब्रेक पूर्ववत लागत होता. त्यानंतर मेकॅनिकने ब्रेक ऑइल बदलून दिले. परंतु तेव्हापासून लिव्हर सकाळीदेखील मऊ लागतो आणि दोन-तीनदा दाबल्यावरच घट्ट होतो. दोष कोठे असावा? हे काम घरी करता येईल काय? अमेरिकेतील भाचा डॉट ५ प्रतीचे ऑइल आणतो म्हणतो, ते वापरावे काय?
— एक बागायतदार, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपल्या पत्रात दोन स्वतंत्र दोषांची लक्षणे आहेत. पहिला दोष ऑइलमधील पाण्याचा होता आणि दुसरा, आता उरलेला, नळीतील हवेचा आहे. दोन्हींत लिव्हर मऊच लागतो, त्यामुळे त्यांची नेहमी गल्लत होते.

ब्रेक ऑइल हे नावाला ऑइल असले, तरी डॉट ३ आणि डॉट ४ या प्रती ग्लायकोल जातीच्या द्रवापासून बनतात आणि हा द्रव हवेतील ओल सतत शोषून घेतो. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळीच्या भिंतीतूनही ओल आत शिरते, आणि कोकणच्या दमट हवेत तिला तोटा नाही. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. मात्र त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे उतारावर तिचा सारा भार गाडीच्या छोट्या कॅलिपरवर, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर, येतो. लिव्हर सतत दाबून धरला की पॅडची उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोहोचते, पाणी धरलेले ऑइल उकळते आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून हाताचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही आणि लिव्हर मुठीला टेकतो. गाडी थंड झाली की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि ब्रेक जणू काही झालेच नाही असा लागू लागतो. अर्ध्या तासाने ब्रेक लागला याचा दिलासा मानू नये. आपल्या गाडीतले ऑइल उकळले होते, याचीच ती खूण होती.

आता सकाळी, गाडी थंड असताना लिव्हर मऊ लागतो आणि दोन-तीन दाबांनंतर घट्ट होतो, याचा अर्थ ऑइल बदलताना हवा आत राहिली. बहुधा बदलताना टाकी एकदा कोरडी पडली असावी. हे काम घरी निश्चित करता येते. दोन माणसे, पुरेसा वेळ आणि स्वच्छ हात हवेत.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. टाकीच्या झाकणावर कोणती प्रत घालावी हे कोरलेले असते. तेच ऑइल घ्यावे, आणि बाटली सीलबंद असावी. टाकी, लिव्हर आणि आसपासच्या भागावर ओले फडके टाकावे, कारण हे ऑइल रंग खाते. सांडलेच तर लगेच पाण्याने धुवावे, पाण्यात ते विरघळते. झाकणावरची धूळ उघडण्यापूर्वीच पुसावी. झाकणाचे स्क्रू बहुधा घट्ट बसलेले असतात आणि त्यांची खाच चटकन बिघडते, म्हणून नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर खाचेत धरून मागून हातोडीने एक-दोन हलके ठोके द्यावेत आणि मगच फिरवावा. झाकणाखालचा रबरी पडदा चिरलेला नाही ना, हे पाहावे. ओल अडवण्याचे काम तोच करतो. जुने ऑइल सिरिंजने ओढून घ्यावे, तळाचा काळपट गाळ न गळणाऱ्या फडक्याने टिपावा आणि नवे ऑइल भरावे.

कोणत्या चाकापासून सुरुवात करावी, हे गाडीगणिक बदलते. काही एटीव्हींमध्ये पुढचे आणि मागचे ब्रेक स्वतंत्र असतात, प्रत्येकाचा मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑइल नळीत ढकलणारा भाग, वेगळा असतो. काहींत एकच लिव्हर सर्व चाकांना लागतो. गाडीच्या पुस्तिकेत क्रम दिलेला असतो. पुस्तिका नसल्यास ज्या कॅलिपरपर्यंतची नळी सर्वांत लांब आहे, तेथून सुरुवात करावी.

कॅलिपरवरील निपलची (हवा आणि ऑइल बाहेर सोडणाऱ्या छोट्या पोकळ स्क्रूची) टोपी काढून त्यावर आधी रिंग पाना बसवावा, मग पारदर्शक नळी चढवावी. नळीचे दुसरे टोक थोडे नवे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडलेले असू द्यावे. एकाने लिव्हर हळू दाबून धरावा. दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करावे. लिव्हर मुठीपर्यंत आला की तो तेथेच धरून ठेवावा, निपल बंद करावे आणि त्यानंतरच लिव्हर सोडावा. निपल उघडे असताना लिव्हर सुटला, तर हवा उलट आत ओढली जाते. हातावरचा माणूस ‘धरला’ आणि चाकाजवळचा ‘बंद’ असे मोठ्याने म्हणत राहिला, तर ही चूक होत नाही. दर पाच-सहा दाबांनंतर टाकीत डोकवावे. एटीव्हीची टाकी लहान असते. पातळी खालच्या खुणेखाली गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

नळीकडे नीट लक्ष द्यावे. आधी कोऱ्या चहासारखे गढूळ ऑइल येते, त्यात मोहरीएवढे बुडबुडे सरकताना दिसतात. मग रंग उजळत जातो आणि शेवटी बाटलीतल्यासारखे फिकट पिवळे, अखंड ऑइल येऊ लागते. बारीक बुडबुड्यांची माळ कितीही वेळ तुटत नसेल, तर हवा आतून येत नसून निपलच्या आट्यांवरून किंवा सैल बसलेल्या नळीच्या तोंडातून शिरत असण्याची शक्यता असते. निपल घट्ट करताना हात आवरावा. बहुतेक लहान निपलना पाच-सहा न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो.

एवढे करूनही मऊपणा उरलाच, तर आणखी तीन ठिकाणे पाहावीत. पहिले, मास्टर सिलिंडरमधून नळी जेथे निघते तेथील बॅन्जो बोल्ट, म्हणजे नळीचे टोक जोडणारा पोकळ बोल्ट. हवा उंच जागी दडते, म्हणून हँडल वळवून मास्टर सिलिंडर नळीपेक्षा उंच आणावा, नळीवर बोटांनी टिचक्या माराव्यात आणि लिव्हर जेमतेम हलेल इतकाच वारंवार हलवावा. टाकीच्या तळाच्या बारीक छिद्रातून बुडबुडे वर येताना दिसतात. रात्रभर लिव्हर रबराने मुठीशी बांधून सकाळी सोडल्यावरही पुष्कळदा फरक पडतो. दुसरे, निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे ना. पॅड बदलताना डावा आणि उजवा कॅलिपर चुकून आलटले गेले, तर निपल खाली येते आणि वरची हवा कधीच निघत नाही. तिसरे, लिव्हर एकसारखा दाबून धरल्यावर तो हळूहळू खाली बसत जातो काय. कोठे गळती दिसत नसूनही तो बसत असेल, तर मास्टर सिलिंडरमधील सील खराब झाले आहे. ते बदलल्यावाचून कितीही हवा काढली तरी उपयोग होणार नाही.

डॉट ५ मात्र कृपया वापरू नये. आकडा मोठा म्हणजे ऑइल अधिक चांगले, असा येथे अर्थ नाही. डॉट ५ हे सिलिकोनचे, जांभळ्या रंगाचे ऑइल आहे. ते ग्लायकोलच्या ऑइलमध्ये मिसळत नाही, पाणीही शोषत नाही, त्यामुळे आत शिरलेले पाणी थेंबांच्या रूपात सर्वांत खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये, साचते आणि शंभर अंशांच्या आसपासच उकळते. डॉट ५.१ हे नाव जवळचे असले, तरी ते वेगळे, ग्लायकोलचेच ऑइल आहे.

पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, सपाट जागी, चालण्याच्या वेगाने घ्यावी. ट्रॉली जोडल्यावर लहान गिअरमध्ये उतरावे, ब्रेक अखंड धरण्याऐवजी दाबून सोडत राहावे, आणि निम्मे क्रेट भरून दोन खेपा कराव्यात. ऑइल दोन वर्षांनी बदलण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. आपल्या हवेत आणि आपल्या उतारावर ते दरवर्षी, हंगाम सुरू होण्याआधी बदलावे, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : मागील वर्षी उघडलेली ब्रेक ऑइलची अर्धी बाटली बूच घट्ट लावून ठेवली आहे. ती चालेल काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालणार नाही. बाटलीतील रिकाम्या जागेत दमट हवा असते आणि वर्षभरात ऑइल तिच्यातील ओल शोषते. ते दिसायला नव्यासारखेच राहते, म्हणून अधिक फसवे. लहान बाटली घ्यावी. उरलेले ऑइल झाडाच्या बुंध्याशी किंवा मोरीत न ओतता वेगळ्या बाटलीत गॅरेजकडे द्यावे.

प्रश्न : आमच्या एटीव्ही समुद्रकिनाऱ्यावर चालतात. निपल गंजून बसले आहे, पाना लावला की कडा घासतात.
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : बारा कडांचा पाना बाजूला ठेवून सहा कडांचा सॉकेट वापरावा. गंज सोडवणारे तेल आट्यांच्या मुळाशी टाकून रात्रभर मुरू द्यावे, परंतु ते डिस्क व पॅडवर उडू देऊ नये. सकाळी निपलच्या डोक्यावर हलके ठोके देऊन आधी किंचित घट्ट आणि मग सैल करण्याचा प्रयत्न करावा. जोर वाढवल्यास निपल आतच तुटते, म्हणून ते हलत नसेल तर कॅलिपर काढून यंत्रशाळेत न्यावा. नवे निपल बसवल्यावर त्याची रबरी टोपी न विसरता लावावी; खारी वाळू आत जाऊ न देण्यासाठीच ती असते.